देव्हाऱ्यातला कावळा

बायजाबाईंच्या देव्हाऱ्यात खंडोबा होता, एकवीरा होती, घरातल्या गेलेल्या माणसांचे चांदीचे टाक होते, आणि त्या सगळ्यांच्या कडेला, बोटाच्या पेराएवढा, एक प्लास्टिकचा कावळा उभा होता.

टाक म्हणजे चांदीच्या पत्र्यावर ठोकून उठवलेली लहानशी आकृती. घरातलं माणूस गेलं की सोनाराकडून त्याचा टाक घडवायचा, मग ते माणूस देवांच्या पंगतीत येऊन बसतं. बायजाबाईंचे सासू-सासरे असेच येऊन बसले होते, नवराही बसला होता. पण लग्नाआधी गेलेल्याचा टाक घालायची त्या घराची रीत नव्हती. त्यामुळे मधला मुलगा जीवन एकविसाव्या वर्षी काविळीने गेला, तेव्हा त्याला देव्हाऱ्यात जागा मिळाली नाही. बायजाबाई कुणाशी भांडल्या नाहीत. जीवन नारपोलीला प्लास्टिकच्या कारखान्यात कामाला होता. एका रविवारी घरी येताना त्याने हा कावळा आणून आईच्या हातावर ठेवला होता. "आये, ह्यो माजा कावला," एवढंच म्हणाला होता. तो गेल्यावर बायजाबाईंनी कावळा उचलला आणि सासऱ्यांच्या टाकाशेजारी नेऊन ठेवला. त्याला चाळीस वर्षं होऊन गेली.

चाळीस वर्षं त्या कावळ्याला रोज पाणी, रोज हळद, रोज कुंकू. त्याचा मूळचा काळा रंग आता चोचीशी आणि पाठीवर थोडासा दिसे. बाकी सगळा पिवळा-तांबडा झाला होता. बायजाबाईंची नजर गेली तशा त्या देव बोटांनी ओळखायला लागल्या. आंघोळ झाली की देव्हाऱ्यापुढे बसून एकेकाला हात लावायच्या. कावळ्याशी हात आला की तिथे जरा थांबायचा.

हे सगळं असंच चालू राहिलं असतं. पण काल्हेरमधलं त्यांचं जुनं घर पाडून तिथे गोदामाचे गाळे होणार, असं ठरलं. थोरला लडकू, त्याची बायको, मुलगा-सून, आई आणि नवरा गेल्यापासून माहेरी राहणारी बहीण रूपा, सगळे रस्त्यापलीकडच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर जाणार होते. नव्या घरात लडकूने संगमरवराचा देव्हारा आणून ठेवला होता.

"रुपे," तो बहिणीला म्हणाला, "देव न टाक तेवढे घे. ती पुडीतली चिमनी नको."

"दादा, जीवन हाय तो."

"कसला जीवन? बडीशेपेच्या गोल्यांच्या पुडीत बक्षीस निघायचा, त्यातला खेलना हाय तो. आपन लहान असताना हत्ती, घोडं, मोटारी निघायच्या, तसा. आये गंध लावत गेली न त्याचा देव झाला. उद्या सुनेच्या माहेरचे इचारतील, ह्यो कुठला देव, तर काय सांगू? बडीशेपेच्या पुडीतला?"

"त्याच्या हातचा हाय."

"कोन बोलला?"

खरंच, कोण बोललं होतं? 'माजा कावला' म्हणजे मी बनवलेला, हे घरातल्यांनी आपापलं धरून घेतलं होतं.

लडकू वाईट माणूस नव्हता. थोड्या वेळाने तोच म्हणाला, "त्याच्या हातचा असंल तर मी सोता उचलून नेईन न सगल्यांच्या मधी ठेवीन. रीत गेली खड्ड्यात. पन नसंल तर खाडीत सोडू. परक्या खेलन्याला किती वरसं पुजायचा?"

जीवनचा फोटो नव्हता. त्याचे कपडे त्याच वेळी देऊन टाकले होते. त्याने या जगात काही केलं होतं, याची घरात एवढी एकच खूण होती, आणि ती खूण खरी की खोटी हे कुणालाच माहीत नव्हतं. सामान न्यायला टेम्पो पुढच्या रविवारी येणार होता.

रूपा अंगणवाडी सेविका. तिला देवेश आठवला. देवेश काल्हेरच्याच एका गोदामात मालाची नोंद ठेवणारा पस्तिशीचा माणूस, पण त्याचं खरं वेड वेगळं. पूर्वी पुड्यांत, डब्यांत, टूथपेस्टच्या खोक्यांत जी इवली इवली खेळणी बक्षीस म्हणून मिळायची, ती तो जमवायचा आणि कुठली कुठे बनली ते शोधून काढायचा. शाळेच्या मेळाव्यात त्याने ती मांडली होती. अंगणवाडीच्या पोरांना म्हणाला होता, "खेळणं तोंडाकडून बघायचं नाही बरं का. उलटं करायचं आणि पोटाखालून वाचायचं." मग दिवसभर पोरं एकमेकांना उलटं करून पोट वाचत बसली होती.

पूजा झाल्यावर रूपाने कावळा रुमालात बांधला आणि देवेशच्या घरी गेली.

देवेशने टेबलावर पांढरा कागद पसरला. ओला ब्रश घेऊन तो कावळ्याचे पाय पुसू लागला. कागदावर पिवळं पाणी उतरलं, मग लाल.

"थांब रे," रूपा घाईने म्हणाली. "सगळं नको काढू."

"फक्त तळ पुसतो, ताई. वरचं तसंच राहील."

त्याने भिंग धरलं. मग एक जाडजूड पुस्तक काढून पानं उलटू लागला. एका पानाशी थांबला, पुस्तक तिच्याकडे फिरवलं आणि हळू आवाजात म्हणाला, "ताई, हा कावळा नाही. पेंग्विन आहे."

रूपाने पाहिलं. पुस्तकात तोच पक्षी होता, तसाच ताठ उभा, पंख अंगाशी, चोच आखूड. अंगणवाडीच्या भिंतीवर पक्ष्यांचा तक्ता होता. त्यावर गेली कित्येक वर्षं ती पोरांना पट्टीने पेंग्विन दाखवत आली होती. "हा कुठे राहतो? बर्फात!" असं पोरांकडून म्हणवून घेऊन ती घरी यायची आणि त्याच पक्ष्याला कावळा समजून हळद लावायची. तिला हसू आलं, पण ते गालापर्यंत येऊन तिथेच राहिलं.

"म्हणजे जीवनने नाही बनवला?"

"नाही, ताई. परदेशात सकाळी दुधात घालून लाह्या खातात ना, त्यांच्या खोक्यात ही जनावरं निघायची. तळाला हा आकडा आहे, शेजारी हा ठिपका. ही खूण तिकडच्याच साच्याची. आपल्याकडे असा बारीक साचा तेव्हा होत नव्हता."

रूपाने रुमालाची घडी घातली. पुन्हा उलगडली, पुन्हा घातली. आता खाडीकडे कोण जाणार, दादा की ती, एवढाच विचार तिच्या डोक्यात होता.

तिचा चेहरा बघून देवेशला काय करावं कळेना. लहान मूल रडवेलं झालं की माणूस त्याच्यापुढे खिशातलं काहीबाही काढून धरतो, तसा तो कपाटाकडे गेला आणि एक खण बाहेर काढून घेऊन आला. "एक गंमत दाखवतो. ह्याच पेंग्विनची नक्कल आहे. इथेच भंगारात मिळाली. मी ह्याला वेडा पेंग्विन म्हणतो."

त्याने एक काळा पक्षी कागदावर, पहिल्याच्या शेजारी उभा केला.

"नक्कल कशी ओळखलीस?"

"उंचीवरून. ताई, ओल्या मातीची पणती सुकली की जराशी लहान होते ना? गरम प्लास्टिक निवताना तसंच आकसतं. आता मूळ खेळण्यावरूनच कुणी नवा साचा घेतला, तर त्यातून निघालेलं खेळणं मुळापेक्षा नेमकं तेवढं लहान निघणार. शेजारी ठेवले की कळतं कोण बाप आणि कोण पोर. पण ह्याचं कोडं वेगळंच आहे. चोच बघा. मूळ खेळण्याची आखूड आहे, ह्याची लांब. आणि पाय. पेंग्विनचे पाय चपटे, बदकासारखे. ह्याला कुणीतरी पंजे काढलेत, नख्यांसकट. साच्यात हाताने कोरल्याशिवाय असं होत नाही. माझ्यासारखाच खेळणी जमवणारा कोलकात्याचा एक जण म्हणतो साचा फुटला असेल. दिल्लीचा एक म्हणतो हे गिधाड आहे. मला इतकी वर्षं कळलेलं नाही, चांगल्या पेंग्विनला कुणी पंजे कशाला काढेल?"

रूपाने तो पक्षी उचलला. उलटा केला. पुढे तीन रेघा, मागे एक.

"हा पेंग्विन नाहीच रे, देवेश," ती म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. "हा कावळाच आहे. ज्याने बनवला त्याने पेंग्विन जन्मात कधी पाहिला नव्हता. त्याच्यापुढे कुणीतरी काळा पक्षी आणून ठेवला आणि म्हणालं, असाच कर. तो काल्हेरचा पोरगा. काळा पक्षी म्हणजे त्याला कावळाच. त्याला वाटलं असेल, बनवणाऱ्याने पाय नीट काढले नाहीत. चोच अर्धवट सोडली. म्हणून त्याने..."

देवेशने भिंग खाली ठेवलं.

"तुमचा भाऊ?"

"माहीत नाही. असेल. जीवनबरोबर मोरू नावाचा एक जण होता कामाला. तो अजून नारपोलीला आहे म्हणतात."

रूपा आणि देवेश नारपोलीला गेले. मोरू सापडायला अवघड गेलं नाही. कारखाना बंद पडल्यावर त्याने उरलेला जन्म कापडाच्या लूमवर काढला होता, आणि त्या खडखडाटात त्याचे दोन्ही कान गेले होते. चहाच्या टपरीवर बसून तो साऱ्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात गप्पा मारत होता. रूपाने त्याच्या तळहातावर पंज्यांचा कावळा ठेवला.

मोरूने डोळ्यांजवळ नेला आणि एकदम हसत सुटला.

"अरे, जीवनचा कव्वा! हा कुठं सापडला तुला? सगळे गेले, हा राहिला काय रे!" मग टपरीवाल्याकडे वळून, "देख, देख, इसने हमको गाली खिलाया था!"

"काका, जीवननेच केला का?" देवेशने कानाशी तोंड नेऊन विचारलं.

"मंग कोण करणार? शेठ कुठूनतरी परदेशी जनावरं घेऊन आला. बोलला, ह्याच्यावरून साचा उतरवा. असल खेळण्याला आम्ही बाप म्हणायचो आणि साच्यातून पडेल त्याला पिल्लू. साचा घासायचा काम जीवनकडं. ह्यानं काय केला, टोच्या घेतला न साच्यात पंजे कोरून ठेवले. चोच पण वाढवली. शेठ आला न बोंबलला, अबे ये क्या किया? जीवन काय बोलतो? 'शेठ, कव्वा है. बिना पंजे का डाली पे बैठेगा कैसे?'" मोरू मांडीवर थाप मारून हसला, हसता हसता त्याला खोकला आला. "शेठनं बाप उचलून त्याच्या अंगावर फेकला. बोलला, ये ले, घर ले जा, इसको भी पंजे लगा दे. जीवननं खिशात टाकला. पिल्लं मात्र गेली बाजारात. कित्ती पोरांना निघाला असंल तो पुडीत! कोण बोलला न्हाय की चुकलाय म्हणून."

मग त्याने रूपाकडे नीट पाहिलं. "तू त्याची बहीण ना गो? हॉस्पिटलात बसलेली असायचीस."

रूपाने मान हलवली.

"लई बेकार झाला," मोरू म्हणाला. हे मात्र तो हळू बोलला, जितकं हळू त्याला बोलता येत होतं तितकं.

देवेशने पंज्यांचा कावळा परत घेतला नाही. "माझं कोडं सुटलं," एवढंच म्हणाला आणि रिक्षा बघायला पुढे गेला.

रविवारी सकाळी टेम्पो दाराशी लागला. भांडी, गाद्या टेम्पोत गेल्या होत्या. बायजाबाई रिकाम्या खोलीत खाटेवर बसल्या होत्या. लडकू देव्हाऱ्यापुढे मांडी घालून एकेक टाक लाल फडक्यात बांधत होता. रूपाने दोन्ही कावळे त्याच्यापुढे धरले आणि सगळं सांगितलं, अंगणवाडीतल्या पोरांना सांगते तसं, सावकाश, एकापुढे एक. हा मोठा परदेशातला. हा धाकटा आपल्या जीवनचा.

लडकूने पंजे पाहिले. अंगठ्याने चाचपले. "कावल्याला पंजे पायजेतच ना," तो म्हणाला. "आयेला दे. तिला सांग. मंग मी नेतो. बोललो तसा मधीच ठेवतो."

रूपा खाटेपाशी बसली. "आये, हात दे," म्हणाली आणि बायजाबाईंच्या ओंजळीत धाकटा कावळा ठेवला. पुढे काय बोलायचं ते तिने जुळवून ठेवलं होतं. आधी शेठ, मग साचा, मग पणतीची गोष्ट. आईला चटकन समजेल अशी.

बायजाबाईंची बोटं कावळ्यावरून फिरली. थांबली. पुन्हा फिरली.

"रुपे, ह्याला काय झाला?"

"काय झाला म्हंजे?"

"बारीक झालाय गो." त्यांनी कावळा दुसऱ्या हातात घेतला. "तोंड बघ कसा लांब निघालाय. न खाली ही हाडं लागतान हाताला. जेवत न्हवता काय?"

रूपाचं तोंड उघडलं. पणतीची गोष्ट ओठांपर्यंत आली होती. पण तिच्या डोळ्यांपुढे पणती नव्हती. हॉस्पिटलातला जीवन होता, पिवळा पडलेला, गालफडं बसून तोंड लांब झालेला, चादरीबाहेर आलेल्या पायांची हाडं मोजून घ्यावीत असा. त्या दिवसांत बायजाबाई गावीच होत्या. ताप आहे, उतरेल, असं त्यांना सांगितलं जायचं. आणि उतरला नाही तेव्हा जीवनला घरी आणलं ते कापडात पुरतं बांधून.

"सांग ना गो. शेवटाला असाच झाला व्हता काय तो?"

रूपाने लडकूकडे पाहिलं. लडकूच्या हातात फडक्याची अर्धी बांधलेली गाठ होती.

"व्हय, आये," लडकू म्हणाला. "असाच झाला व्हता. तू बघितला असतास तर तुझा काय झाला असता, म्हनून मीच तोंड उघडू दिला न्हाय."

बायजाबाई हलल्या नाहीत. बाहेर टेम्पोवाला कुणाशी तरी पार्किंगवरून हिंदीत भांडत होता, ते ऐकत असल्यासारख्या त्या दाराकडे तोंड करून बसल्या.

"मंग येवढी वरसं," त्या शेवटी म्हणाल्या, "मी कुनाला न्हाऊ घातला?"

मोठा कावळा रूपाच्या पदरात होता. तिने तो तसाच मुठीत धरला.

"आये, चल," लडकू म्हणाला. "नव्या घरी देवात मधी जागा केलीय त्याला. खंडोबाच्या शेजारी. मी सोता ठेवतो."

"नको."

"अगं, पन आता खराच त्याच्या हातचा हाय..."

"देवात नको रे. आजारी पोराला कोन उभा ठेवतो?" बायजाबाईंनी मूठ पोटाशी धरली. "माज्याजवल निजू दे. रुपे, पेज हाय काय?"

भांडी सगळी टेम्पोत गेली होती. रूपा ओट्यावरून उतरून टेम्पोकडे धावली, गाद्यांखालून एक वाटी ओढून काढली आणि शेजारणीकडून ती भरून पेज घेऊन आली. पेज गरम होती. बायजाबाईंनी वाटी मांडीवर धरली, बोट बुडवलं, फुंकर घातली आणि ते बोट चाचपत कावळ्याच्या लांब चोचीला लावलं. एक थेंब त्यांच्या लुगड्यावर पडला. त्यांनी पुन्हा बोट बुडवलं.

टेम्पोवाल्याने हॉर्न वाजवला. लडकू उठला नाही. लाल फडकं मांडीवर घेऊन तो भिंतीला टेकून बसून राहिला आणि लहान असताना जशी बहीण-भावंडं एकाच्या ताटाकडे बघत बसतात, तसा आईच्या हाताकडे बघत राहिला.

"सावकास," बायजाबाई कावळ्याला म्हणत होत्या. "सावकास खा. घाई न्हाय."